हिवाळ्यातल्या रंगासाठी शेवंती की कोरांटी?

दिवाळीनंतर बाग सुनी दिसते म्हणून नणंदबाईंनी विचारलं, शेवंती लावू की कोरांटी? दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही थंडीत फुलणारी.

खर्चाचं म्हणाल तर कोरांटी जवळजवळ फुकट. शेजारच्या कुंपणातली फांदी पावसाळ्यात खोचली की जगते. शेवंतीचं रोप एकदा विकत घ्यायचं, पुढे तिचे मुनवेच, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंबच लावायचे.

खरा फरक कष्टाचा. शेवंतीचे शेंडे ऑगस्टपर्यंत खुडत राहावे लागतात, नाहीतर ती उंच वाढून लोळते. पाणी साचलं की मूळ कुजतं, कळ्यांवर मावा येतो. शिवाय दिवस लहान झाल्यावरच ती कळ्या धरते. रात्रभर दिव्याखाली ठेवली तर बहर लांबणीवर पडतो. माझी एक कुंडी जिन्याच्या दिव्याखाली अशीच रुसून बसली होती! कोरांटीला यातलं काही नको. बहर सरला की छाटा, बस.

पण शेवंतीचं फूल झाडावर दोन-तीन आठवडे टिकतं, कोरांटीचं लवकर गळतं, मात्र रोज नवं येतं. पिवळ्या कोरांटीला काटेही असतात.

गॅलरीत कुंड्या, हारालाही फुलं हवीत, तर शेवंती. कुंपण, उन्हाची जागा आणि वेळ कमी, तर कोरांटी. नणंदबाई महिन्यातले पंधरा दिवस गावी असतात, त्यांना मी कोरांटीच्याच फांद्या दिल्या.