डबल टोन्ड दुधाचं घरचं पनीर : काही महिने खाल्ल्यावर

वजन उतरवायचं म्हणून पनीर सोडायची गरज नाही. ते कुठल्या दुधाचं आहे हे मात्र बघायलाच हवं. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आमच्या बेळगावातल्या, शहापूरच्या घरी डबल टोन्ड दुधाचं पनीर होतंय. आता थंडी पडली तरी मला त्याचा कंटाळा आलेला नाही, आणि डाएटमधल्या पदार्थाबद्दल असं म्हणता येणं हीच माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट.

आधी दुधाचा हिशोब, कारण सगळं तिथंच ठरतं. गवळ्याकडून येणाऱ्या म्हशीच्या दुधात साधारण ६-७ टक्के फॅट असतं. त्याचं पनीर मऊसूत होतं, पडतंही भरपूर, पण ते फॅट जवळजवळ सगळं पनीरमध्येच उतरतं. मग टोन्ड दूध घ्या, असं बऱ्याच जणी सुचवतात. टोन्डमध्ये फॅट ३ टक्के आणि प्रथिनंही साधारण तेवढीच, म्हणजे लिटरभर दुधात दोन्ही ३०-३० ग्रॅमच्या आसपास. दूध फाटलं की फॅट पनीरमध्ये राहतं आणि प्रथिनांतला साधारण पाचवा हिस्सा निवळीबरोबर, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या पाण्याबरोबर, जातो. म्हणजे हाती येणाऱ्या पनीरमध्ये प्रथिनांपेक्षा फॅटच किंचित जास्त! डबल टोन्डमध्ये फॅट १.५ टक्के, प्रथिनं मात्र कमी होत नाहीत. त्यामुळे त्या पनीरमध्ये प्रथिनं फॅटच्या दीडपटीहून जास्त भरतात. दुधातली साखर बहुतेक निवळीतच निघून जाते, तो फायदा कुठल्याही पनीरचा.

असं पनीर चिवट होतं ही तक्रार खरी आहे. फॅट कमी म्हणजे मऊपणाही कमी. पण हात सांभाळला तर बराच फरक पडतो. दुधाला उकळी आली की मी गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबते. लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून चमच्या-चमच्यानं सोडते आणि निवळी हिरवट-पिवळी, स्वच्छ दिसली की लगेच थांबते. जास्त ढवळायचं नाही. फडक्यात गाळून वरून गार पाणी घालायचं, म्हणजे लिंबाचा आंबटपणा जातो. वजन हलकंच ठेवायचं, तेही थोडाच वेळ. एवढं करूनही हे पनीर ग्रेव्हीत रटरट शिजवलं की रबरासारखं होतं. पनीर मसाल्यासाठी हे नाहीच. ते ताजं, शक्यतो त्याच दिवशी खायचं.

माझ्याकडे ते संध्याकाळी लागतं. पाच-सहाच्या सुमाराला भडंग नाहीतर मिरची-भजी आठवते, आणि डाएट मोडतं ते तेव्हाच. कोमट पनीर हातानं कुस्करून त्यावर बारीक कांदा, काकडी, कोथिंबीर, मिरपूड आणि चिमूटभर मीठ. वाटीभर खाल्लं की रात्रीच्या जेवणापर्यंत पोट शांत राहतं. रात्री उरलं तर ज्वारीची भाकरी, कच्ची कोवळी मेथी, मुळा, कारळ्याची चटणी आणि बाजूला पनीरची एक वडी. हे ताट मला मनापासून आवडतं, त्यात काही सोडल्यासारखं वाटत नाही. कुंद्याची, आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, जागा पनीर घेऊ शकत नाही, घ्यावी असंही मला वाटत नाही. सणाला कुंदा खाते, थोडाच, पण चवीनं.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "एवढं चांगलं दूध का नासवुलालीस गं?" म्हणाल्या. आता निवळी त्याच मागून घेतात. गरम निवळीत भाकरीचं पीठ मळतात, उरलेली आमटीत जाते.

वजन हळूहळू उतरलंय. सगळं श्रेय पनीरला देणार नाही. भात कमी झाला, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालणं नियमित झालं. पनीरमुळे संध्याकाळचं तळण सुटलं, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड होतं. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

पैशांची बचत होते असं नाही. लिटरभर डबल टोन्डमधून पनीर बेताचंच पडतं. वेळ नसेल त्या आठवड्यात मी पाकीट आणते, पण मागचा तक्ता वाचून. साध्या पनीरमध्ये १०० ग्रॅममागे २०-२५ ग्रॅम फॅट सहज असतं. 'लो फॅट' लिहायचं तर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार पाणी वगळून उरलेल्या भागात फॅट ठरलेल्या मर्यादेवर जाऊन चालत नाही. सुटं पनीर घेणं मी बंद केलंय, कारण ते कशाचं आहे हे कळायला मार्ग नसतो.

घरचं उरलंच तर डब्यात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवते, पाणी रोज बदलते, आणि दोन दिवसांत संपवते. हल्ली दूध फाटल्यावर, गाळायच्या आधीच त्यात भरडलेलं जिरं आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घालते. वडी अशीच खाता येते, वरून काही लागत नाही. मुलंही डब्यात तीच मागतात.