बी.एस्सी. नर्सिंग, पहिलं सेमिस्टर: कोणत्या पेपरला गाइड तारतं, कोणत्या पेपरला बुडवतं

पहिल्या सेमिस्टरसाठी दुकानात तीन तऱ्हेचा माल मिळतो. सगळे विषय एकाच बाइंडिंगमध्ये कोंबलेलं ‘ऑल इन वन’, एकेका पेपरचा सॉल्व्ह्ड प्रश्नसंच, आणि कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडच्या स्पायरल नोट्स. तिन्हींचा उपयोग आहे, पण प्रत्येक पेपरला सारखा नाही. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीला चांगला प्रश्नसंच जवळजवळ पुरतो. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीला नुसत्या त्याच्यावर विसंबलं की माणूस गोत्यात येतो.

पैसे देण्याआधी अनुक्रमणिका उघडा. पहिल्या वर्षात मायक्रोबायोलॉजी दिसली तर पुस्तक खाली ठेवा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सुधारित अभ्यासक्रम २०२१-२२ च्या बॅचपासून सेमिस्टर पद्धतीने लागू झाला. त्यात मायक्रोबायोलॉजी तिसऱ्या सेमिस्टरला गेली, बायोकेमिस्ट्री आणि न्यूट्रिशन दुसऱ्याला, आणि आधी दुसऱ्या वर्षाला असलेली सोशिऑलॉजी पहिल्याला आली. मुखपृष्ठावर ‘न्यू सिलॅबस’ छापायला काही लागत नाही, आत जुनाच मजकूर असू शकतो. म्हणून आणखी एक खूण बघा: सोशिऑलॉजीत क्लिनिकल सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजीत सॉफ्ट स्किल्स व सेल्फ-एम्पॉवरमेंट ही युनिट्स आहेत का? नसतील तर जुन्या गाइडाला नवा कोट चढवलाय. जीएनएमचं (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाचं) गाइड तर घेऊच नका. तो अभ्यासक्रम वेगळा आहे आणि ॲनाटॉमीची तेवढी खोली तिथे अपेक्षितच नाही.

आता पेपरकडे. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून एकच ७५ मार्कांचा, तीन तासांचा पेपर. कौन्सिलच्या आराखड्यात ॲनाटॉमीचा सेक्शन ३७ चा आणि फिजिऑलॉजीचा ३८ चा. प्रत्येकात १० मार्कांचा एक दीर्घ प्रश्न, ५ मार्कांचे तीन, २ मार्कांचे तीन आणि उरलेले एमसीक्यू. वेळेचा हिशेब केला तर एका मार्काला साधारण अडीच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणजे ५ मार्कांचं उत्तर बारा मिनिटांत, आकृतीसकट. गाइडं नेमकी इथेच घोळ घालतात. पाच मार्कांच्या प्रश्नाला चार-चार पानं दिलेली असतात, कारण पानांवर किंमत ठरते. पाठ करणारी मुलगी पहिल्या दोन प्रश्नांत पाऊण तास घालवते आणि शेवटचे २ मार्कांचे प्रश्न कोरे सोडते. छापील उत्तर वाचून झालं की आपल्या हाताने दीड पानात उतरवायचं, घड्याळ लावून. हे केलं नाही तर गाइड घेऊन फायदा शून्य.

दुसरी उणीव मोठी आहे. विषयाचं नावच ‘अप्लाइड’ ॲनाटॉमी आहे आणि युनिटांमध्ये नर्सिंगमधला उपयोग स्पष्ट मागितलेला आहे. बहुतेक गाइडांत तो भाग शेवटी दोन ओळींत उरकलेला असतो, किंवा नसतोच. फॉरेन बॉडी (चुकून श्वासात गेलेली वस्तू) उजव्या फुप्फुसातच जास्त का जाते? उजवा मेन ब्रॉन्कस (श्वासनलिकेची त्या फुप्फुसाकडे जाणारी फांदी) रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो म्हणून. कुल्ल्यावर इंजेक्शन देताना जागा का मोजायची? सायॅटिक नर्व्हला (पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला) इजा होऊ नये म्हणून. लंबर पंक्चर (कण्यात सुई घालून पाणी काढणं) एल-थ्री आणि एल-फोरच्या, म्हणजे कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या, मध्ये का? प्रौढात स्पायनल कॉर्ड एल-वन-एल-टूच्या आसपास संपते म्हणून. स्त्रियांमध्ये युरिनरी इन्फेक्शन जास्त का? युरेथ्रा (मूत्रमार्ग) साधारण ४ सेंटिमीटरचीच असते, हे एक मोठं कारण. प्रत्येक सिस्टिममागे असे चार-पाच मुद्दे गाइडाच्या समासात स्वतः लिहून ठेवावे लागतात, आणि त्यासाठी टेक्स्टबुकाला पर्याय नाही.

आकृत्यांबद्दल न बोललेलं बरं. झेरॉक्सची झेरॉक्स काढून हृदयाच्या आकृतीत ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह (झडप) कुठला आणि मायट्रल कुठला हे कळेनासं झालेलं असतं. आकृती टेक्स्टबुकातूनच काढायला शिका: पेन्सिल, एका बाजूला नावं, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा.

फिजिऑलॉजीच्या गाइडाची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या घेता येते. लंग व्हॉल्यूम्सचं (फुप्फुसात मावणाऱ्या हवेच्या मापांचं) पान काढा. टायडल ५००, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह ३०००, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह ११०० मिलिलिटर असेल तर व्हायटल कपॅसिटी ४६०० यायला हवी, आणि रेसिड्युअल १२०० धरून टोटल ५८००. काही टेक्स्टबुकांत इन्स्पिरेटरी रिझर्व्ह ३१०० आणि एक्स्पिरेटरी १२०० घेतात, मग ४८०० आणि ६००० येतात. दोन्ही चालतात. गाइडवाले मात्र आकडे एका पुस्तकातून आणि बेरीज दुसऱ्यातून उचलतात. बेरीज जुळत नसेल तर त्या पुस्तकातल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. तशीच कार्डिॲक सायकल (हृदयाच्या एका ठोक्याचं चक्र): एकूण ०.८ सेकंद, एट्रियल सिस्टोल (वरच्या कप्प्यांचं आकुंचन) ०.१, व्हेंट्रिक्युलर सिस्टोल (खालच्या कप्प्यांचं) ०.३, सगळं हृदय शिथिल ०.४.

सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीचा पेपरही ७५ चाच, पण इथे प्रश्न व्याख्या, प्रकार, फरक आणि नर्सची भूमिका यांच्याभोवती फिरतात. डिफेन्स मेकॅनिझम्स (मन स्वतःला सावरायला वापरतं त्या युक्त्या), मॅस्लोची गरजांची उतरंड, कुटुंबाचे प्रकार, सोशल स्ट्रॅटिफिकेशन (समाजातले थर) यांची मुद्देसूद उत्तरं प्रश्नसंचात चांगली मिळतात. भाषाही सोपी असते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीत उत्तर लिहायचा सांगाडा आयता हाती लागतो. उणीव एकच, उदाहरणं. रॅशनलायझेशन (चुकीला सोयीचं कारण देणं) म्हणजे काय ते छापलेलं असतं. पण डायबेटिसचा पेशंट गोड खाऊन ‘सणच होता’ म्हणतो, असं वॉर्डातलं उदाहरण आपणच घालायचं. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

नर्सिंग फाउंडेशन वनची गंमत वेगळी. त्याची युनिव्हर्सिटी परीक्षा पहिल्या सेमिस्टरला नसते; इंटर्नल मार्क पुढे दुसऱ्या सेमिस्टरला धरले जातात. म्हणून मुलं ते गाइड उघडतच नाहीत, आणि दुसऱ्या सेमिस्टरला दोन्ही भाग एकदम अंगावर येतात. इथे जुनं गाइड फक्त निरुपयोगी नाही, चुकीचं शिकवतं. दोन पानं तपासा. बायोमेडिकल वेस्टमध्ये काळी पिशवी दिसली तर मजकूर २०१६ च्या नियमांआधीचा आहे; आता पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे चारच रंग. सीपीआरमध्ये (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) क्रम ए-बी-सी (एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन) दिला असेल तर तोही शिळा. प्रौढाला कॉम्प्रेशन (छाती दाबणं) आधी, ३० कॉम्प्रेशनला २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हॅण्ड रब (सॅनिटायझर हाताला चोळणं) २० ते ३० सेकंद, साबणाने धुणं ४० ते ६० सेकंद, हे आकडे असतील तर पुस्तक बरं. प्रोसिजरच्या पायऱ्यांसमोर रॅशनलचा (ती पायरी का, याचा) रकाना नसेल तर घेऊ नका, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ‘का’ हाच प्रश्न येतो.

कम्युनिकेटिव्ह इंग्लिशची परीक्षा कॉलेज घेतं. त्याच्या गाइडावर पैसे घालू नका, बारावीचं व्याकरण पुरेल.

स्पायरल नोट्सचा खरा उपयोग एकच: त्या कॉलेजच्या इंटर्नलला काय विचारतात ते कळतं. सीनिअरने हाताने लिहिलेल्या असतील तर उत्तरांची लांबीही बेताची असते. चुका मात्र बॅचमागून बॅच तशाच उतरत येतात.

सेकंडहॅण्ड घ्यायचं तर सोशिऑलॉजी-सायकॉलॉजीचा प्रश्नसंच खुशाल घ्या, आत २०२१ नंतरच्या सेमिस्टरचे पेपर आहेत एवढं बघून. वाचलेले पैसे ॲनाटॉमीच्या रंगीत टेक्स्टबुकात घाला आणि ते पहिल्या महिन्यातच आणा. प्रश्नसंच पहिल्या इंटर्नलनंतर आणला तरी चालतो.