आयटीआय डिझेल मेकॅनिक : आठ महिन्यांनंतर, आणि तो टॉर्क पाना

मी आयटीआयला गेलो तो रागाने. आमच्या पिकअपचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील, एका वर्षात दोनदा गेलं. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली की पाण्यात बुडबुडे, सायलेन्सरला पांढरा धूर. दोन्ही खेपांचं मिळून एकतीस हजार बिल. दुसऱ्या खेपेला मी गॅरेजमध्येच स्टूल टाकून बसलो, तेव्हा दिसलं की हेडचे बोल्ट आवळताना पोरगं पान्याला दीड फुटाचा पाईप लावून त्यावर लोंबकळतंय. विचारलं, किती आवळायचं असतं? म्हणे, "गच्च." त्या गच्चचे एकतीस हजार झाले. घरी येऊन ट्रंकेतून दहावीचं प्रमाणपत्र काढलं.

एक वर्षाचा ट्रेड, ऑनलाइन फेऱ्या, शेवटी संगणकावर परीक्षा, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. वयाला वरची मर्यादा नाही, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मी अडतीसचा, बॅचमधली बाकीची पोरं सतरा-अठराची. पहिल्या आठवड्यापासून मी "काका" आहे. फीबद्दल एवढंच सांगतो की एका नव्या कॉमन रेल इंजेक्टरच्या (नव्या डिझेल गाड्यांतला, संगणकाच्या हुकमावर चालणारा डिझेल फवारा) पैशांत माझ्यासारखे दोघे तरी शिकून निघतील.

सुरुवातीचे तीन महिने मी घरी रोज शिव्या देत होतो. दीड महिना नुसती कानस. लोखंडाचा तुकडा घास, गुण्या लाव, उजेडात धर, परत घास. इंजिनाला हात नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या तासाला तरफ, बल, अंतर. हे शाळेत झालंय, गाडी कधी खोलायची, असं मी एकदा तोंडावर बोललोसुद्धा. ते बोलणं पुढे मला गिळावं लागलं.

आता मुख्य तक्रार. आमच्या वर्कशॉपमध्ये टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याइतकं आवळलं की 'कट्' वाजणारा पाना, एकच आहे आणि तो काचेच्या कपाटात असतो. कपाटाला कुलूप. ऑक्टोबरमध्ये चार सिलिंडरचं जुनं इंजिन खोलून बांधायचं प्रॅक्टिकल आलं. लायनर मोजले, रिंगांचा गॅप पाहिला, हेड चढवलं, आणि आवळायची वेळ आली तर हातात साधा गोटी पाना! सरांनी क्रम नीट शिकवला: मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेर जायचं, तीन टप्प्यांत. पण किती? "हाताला अंदाज येतो." म्हणजे गच्चच की. फरक एवढाच की इथे ते फळ्यावर लिहून देत होते.

मी हे इतकं का धरून बसलोय ते सांगतो. आवळला की बोल्ट रबरासारखा किंचित ताणतो, आणि त्या ताणानेच हेड गॅस्केटवर दाबून बसतं. कमी ताण पडला तर गॅसला वाट मिळते. जास्त पडला तर बोल्ट कायमचा लांबतो, मग तो परत वापरला की पकड गेलीच. बऱ्याच नव्या इंजिनांत तर शेवटचा टप्पा न्यूटन-मीटरमध्ये (आवळण्याच्या जोराचं माप) नसतोच, अंशांत असतो: अमुक इतकं आवळा आणि वर ९० अंश फिरवा. हे अंदाजाने कोण करणार? माझ्या गाडीत दोन्ही वेळा जुनेच बोल्ट परत ठोकले होते.

तर डिसेंबरात मी स्वतःचा पाना घेतला. बत्तीसशे रुपये. बायकोने किंमत दोनदा विचारली.

जानेवारीत पिकअपने तिसऱ्यांदा पाणी प्यायला सुरुवात केली. या वेळी अंगणात ताडपत्री टाकून हेड मीच उतरवलं. हेड घासून पुसून त्यावर सरळ पट्टी ठेवली, फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) ०.०५ मिलिमीटरचं पान कुठे शिरतंय का पाहिलं. उजेडात धरून सपाटी बघायची नजर कुठून आली? त्या कानशीतून. तेव्हा कानशीबद्दल वर लिहिलेलं अर्धं मागे घेतो. नवे बोल्ट, नवं गॅस्केट, कूलंट धरून साडेचार हजारांत काम झालं. डिझेलची हवा काढताना तासभर घाम फुटला तो वेगळा. त्यानंतर गाडी चार हजार किलोमीटर चाललीय. पाण्याची पातळी मी अजून रोज सकाळी बघतो.

मग मी कपाटातल्या पान्यावरून पुन्हा भांडण काढलं. सरांनी शांतपणे तो बाहेर काढून दिला आणि म्हणाले, "तपासून सांगा." आमची तपासणी अशी: पान्याचा चौकोनी दांडा व्हाइसमध्ये धरला, पाना आडवा, ४० न्यूटन-मीटरवर लावलेला. मुठीच्या मधोमध, दांड्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर बादली अडकवली आणि 'कट्' आवाज येईपर्यंत मगाने पाणी ओतत गेलो. मग बादली धान्याच्या काट्यावर. माझा पाना जवळजवळ दहा किलोला वाजला. दहा गुणिले ९.८१ गुणिले ०.४ म्हणजे ३९, वर पान्याच्या स्वतःच्या वजनाचा थोडा भार. ठीक. कपाटातला वाजला आठ किलोला, म्हणजे ३१ आणि थोडं. चाळीस सांगून तेहतीसच्या आसपास आवळणारा पाना! आणि हे सगळं गणित त्याच तरफ-बल-अंतराच्या तासाचं, ज्याला मी नावं ठेवली होती.

सरांना ते आधीच माहीत होतं. कोणीतरी वर्षानुवर्षं तो मोठ्या आकड्यावर लावूनच ठेवला, आतली स्प्रिंग दबून बसली. वापरायला दिला तर पोरं त्याच्यावर विश्वास ठेवतील, म्हणून कुलूप. डेडस्टॉक रजिस्टरला (सरकारी सामानाची नोंदवही) नोंद आहे, निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं, होत नाही तोवर टाकता येत नाही, आणि तो रजिस्टरला 'आहे' तोवर नवा मागता येत नाही. म्हणजे सरांवरचा माझा राग गेला, पण तक्रार जागेवरच आहे. आता ती कपाटावर नाही, रजिस्टरवर आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं, झकास शिकवतात, चौथ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह डोलायला लागले की पहिल्याचे लावायचे, हे आता झोपेतही जमेल. मायक्रोमीटर हाताळायला भरपूर मिळतो. कॉमन रेल मात्र तक्त्यावरच. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम) आहेत, रस्त्यावर युरियाच्या टाक्या आणि सेन्सरचे दिवे घेऊन माणसं फिरतायत, आणि आमचं खोलायचं इंजिन यांत्रिक पंपाचं. स्कॅनर एक आहे, तो आठ महिन्यांत दोनदा हातात आला. नोकरीसाठी येणाऱ्या पोरांनी एसटीच्या डेपोत किंवा एखाद्या कंपनीच्या वर्कशॉपला अप्रेंटिस केल्याशिवाय थांबू नये. माझ्यासारखं स्वतःच्या गाडीपुरतं शिकायचं असेल तर पैसे वसूल, माझे तर जानेवारीतच झाले.

परवा पुढच्या प्रॅक्टिकलसाठी सरांनी माझाच पाना मागितला. दिला, पण वहीत सही घेऊन, आणि पोरांना बजावून की काम झालं की आकडा सगळ्यात खाली उतरवून ठेवायचा. संध्याकाळी डबा उघडला तर पाना ९० वरच.