डेबियन टेस्टिंगवर वर्षभर: ट्रिक्सी येण्याआधी आणि नंतर
जानेवारी २०२५ पासून माझ्या कामाच्या लॅपटॉपवर डेबियन टेस्टिंग आहे, म्हणजे डेबियन या लिनक्स सिस्टीमची पुढच्या पक्क्या (स्टेबल) आवृत्तीसाठी तयार होत असलेली शाखा. तेव्हा टेस्टिंग म्हणजे ट्रिक्सी, जी पुढे डेबियन १३ झाली.

मार्चच्या मध्याला फ्रीझ, म्हणजे नवे बदल टप्प्याटप्प्याने थांबवणं, सुरू झालं आणि तिथून पुढचे महिने फार सुखाचे गेले. आधी रोज ढीगभर पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) यायची, ती मे महिन्यात हार्ड फ्रीझ लागल्यावर बोटांवर मोजण्याइतकी उरली. कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१२, ग्नोम (डेस्कटॉप) ४८, सगळं जागच्या जागी. टेस्टिंग वापरून बघायचं असेल तर याच काळात यावं, हे माझं ठाम मत.

९ ऑगस्टला ट्रिक्सी स्टेबल झाली आणि चित्र पालटलं. पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलीत ‘टेस्टिंग’ लिहिलंय की ‘ट्रिक्सी’, त्या एका शब्दावर सगळं ठरतं. ‘ट्रिक्सी’ लिहिणारे काहीही न करता स्टेबलवर राहिले. माझ्याकडे ‘टेस्टिंग’ होतं, म्हणजे मी फोर्कीच्या, ट्रिक्सीनंतरच्या आवृत्तीच्या, वाटेला लागलो. फ्रीझमुळे अडून राहिलेल्या नव्या आवृत्त्या मग लोंढ्याने आल्या.

एका रात्री फुल-अपग्रेड दिलं; ही आज्ञा गरज पडल्यास जुनी पॅकेजं काढूनही अपग्रेड करते. ॲप्ट ३.० (पॅकेजं बसवणारं साधन) काढून टाकायची पॅकेजं लाल रंगात दाखवतं. त्या लाल ओळींत चक्क लिब्रेऑफिस! मी ‘एन’ दाबलं आणि चार दिवस थांबलो. लायब्ररीचं ट्रान्झिशन, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं नव्या आवृत्तीवर नेणं, उरकल्यावर तोच अपग्रेड एकही लाल ओळ न दाखवता झाला. ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका, कितीही घाई असली तरी.

कर्नल बदलला तेव्हा मात्र माझ्या यूएसबी वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करणारं साधन) बिल्डच होईना. सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना ६.१२ निवडून आठवडा काढला. ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) मारण्याआधी एक चालता कर्नल शिल्लक आहे ना, हे मी आता बघतोच.

मला खुपतं ते सुरक्षेचं. स्टेबलला दुरुस्त्या थेट मिळतात. टेस्टिंगला त्या बहुतेक वेळा अनस्टेबल या टेस्टिंगच्याही आधीच्या शाखेमार्गे येतात, कधी काही दिवस उशिरा. बँकेचे व्यवहार मी म्हणूनच या लॅपटॉपवर करत नाही.

मोठ्या अपडेटनंतर मराठी नीट दिसतंय ना हे बघायला मी एडिटर उघडून ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ज्ञानेश्वरीचं पारायण’ टाइप करतो. वर्षभरात एकही जोडाक्षर मोडलं नाही.

मी फोर्कीवरच राहणार. आईच्या लॅपटॉपवर मात्र ‘ट्रिक्सी’ लिहून दिलंय.