नेरुळमधील लेझर-रन वर्ग : तीन महिन्यांनंतरचा अभिप्राय

नेमबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बंदिस्त, शांत रेंजवर जाड जाकीट घालून निश्चल उभा असलेला नेमबाज येतो. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, त्यामुळे नवी मुंबईतल्या पालकांना ही नेमबाजी चांगलीच ओळखीची झाली आहे. धावत यायचे, धाप लागलेली असतानाच नेम धरायचा आणि लगेच पुन्हा धावत सुटायचे, हा प्रकार मात्र मला स्वतःलाही नवा होता. नेरुळमध्ये शनिवार-रविवारी सकाळी भरणाऱ्या लेझर-रनच्या वर्गात माझी तेरा वर्षांची मुलगी आणि मोठ्यांच्या तुकडीत मी, अशा आम्ही दोघी तीन महिने जात होतो.

लेझर-रन हा मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच क्रीडाप्रकारांच्या एकत्रित स्पर्धेतला शेवटचा टप्पा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून चालत आलेल्या या खेळात धावणे आणि नेमबाजी पूर्वी वेगवेगळी होत असे. २००९ पासून ती एकत्र झाली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छऱ्यांऐवजी लेझर पिस्तुले आली. सध्या मोठ्या खेळाडूंना ६०० मीटरच्या पाच फेऱ्या धावाव्या लागतात आणि त्यांच्या मध्ये चार वेळा दहा मीटरवरचे, जेमतेम सहा सेंटीमीटर व्यासाचे लक्ष्य पाच वेळा टिपावे लागते. पाच नेम लागले की सुटायचे. न लागल्यास पन्नास सेकंद संपेपर्यंत तिथेच उभे राहायचे. बर्फावर स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या बायथलॉनच्या बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकीला १५० मीटरची जादा फेरी घ्यावी लागते. इथे वाया जाणारे सेकंद हीच शिक्षा असते, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी निघून गेलेली दिसत असताना ती फार जड जाते.

या वर्गाचे मोठेपण मला एका गोष्टीत दिसले. बहुतेक ठिकाणी मुलांना आधी पळवतात, मग नेम शिकवतात आणि शेवटी दोन्हींची मोळी बांधतात. इथल्या सरांनी पहिल्या दिवसापासून या दोहोंमधल्या पंधरा-वीस पावलांवर मेहनत घेतली. टेबल दिसू लागले की वेग किती उतरवायचा, शेवटचा लांब श्वास कुठे सोडायचा, पिस्तूल उचलण्याआधी पाय किती अंतरावर रोवायचे, हे त्यांनी चुन्याच्या रेघा आखून शिकवले. माझी मुलगी सुरुवातीला भरधाव येऊन टेबलावर आदळायची आणि लगेच चाप ओढायची. नेम लागला की लक्ष्यावर हिरवा दिवा लागतो; तिचा पाचांतला एखादाच लागायचा. सर तिला एवढेच म्हणाले, "अगं, हात थरथरतोय तो भीतीने नाही, दमामुळे. दोन श्वास दे त्याला." त्या दोन श्वासांत तीन-चार सेकंद जातात, पण घाईत हुकलेले नेम पुन्हा घेण्यात त्याहून कितीतरी जास्त जातात, हे तिला स्वतःच्या वेळांची वही पाहून पटले. श्वास अर्धा सोडून थांबायचे, पिस्तुलावरच्या मागच्या खाचेत पुढचा उंचवटा समपातळीत दिसला की चाप हळूच दाबायचा. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तिचे पाचही दिवे तीस सेकंदांच्या आत लागू लागले. त्या सकाळी पिस्तुलाच्या मुठीवरून घाम टेबलावर ठिबकत होता आणि तिचे तिकडे लक्षही नव्हते.

तक्रारी आहेत आणि त्या स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. लक्ष्यांची तोंडे पूर्वेकडे आहेत. ऊन थेट त्यांच्यावर आले की बरोबर लागलेला नेमही नोंदवला जात नाही, आणि मूल विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देते. साधे ताडपत्रीचे छप्पर पुरेल, असे आम्ही दोनदा सुचवले, पण काही झाले नाही. चार लक्ष्यांपैकी एक जवळजवळ महिनाभर बंद होते, त्यामुळे मुलांना रांगेत थांबावे लागे. थांबताना नाडीचे ठोके खाली येतात आणि मग या सरावाचा हेतूच उरत नाही. साडेसात हजार रुपये घेणाऱ्या आयोजकांनी हे चालवून घेऊ नये.

मोठ्यांची तुकडी मला ठीक वाटली, त्याहून अधिक नाही. धावण्याचा पाया नसलेल्यांना सरळ ६०० मीटर पळवतात. मी पहिले तीन आठवडे पाम बीच रस्त्यालगत स्वतंत्रपणे धावायचा सराव केला म्हणून निभावले.

सुरक्षिततेबद्दल काळजी करणाऱ्या आयांसाठी : या पिस्तुलातून गोळी किंवा छर्रा सुटत नाही. तरीही ते कोणाकडे रोखायचे नाही आणि प्रत्येक नेमानंतर टेबलाला टेकवायचे, ही शिस्त इथे कडक पाळली जाते. एका मुलाने गमतीत पिस्तूल मित्राकडे वळवले तेव्हा त्याला त्या दिवशी पुन्हा पिस्तूल मिळाले नाही, आणि ते मला योग्य वाटले.

मुलीचे नाव मी पुढच्या तुकडीसाठी नोंदवले आहे. नवीन पालकांनी पैसे भरण्यापूर्वी किती लक्ष्ये चालू आहेत आणि जून ते सप्टेंबर सराव कुठे होणार, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पावसात मैदान चिखलाने भरते आणि आच्छादित जागेबद्दल आम्हाला अजून ठाम उत्तर मिळालेले नाही.