तट्टू की घोडा? कोल्हापूरच्या आसपास हौसेनं घोडागाडी हाकायची असेल तर

घोडागाडी घ्यायचं मनात आलं की पहिली चर्चा रंगाची आणि उंचीची होते. पांढराशुभ्र हवा, अबलख हवा, उंचापुरा मारवाडीच हवा. माझं म्हणणं, आधी रस्ता बघा. तुमची गाडी ज्या पाणंदीतून जाणार ती किती रुंद आहे, तिथं मुरूम आहे की डांबर, समोरून उसाची ट्रॉली आली तर बाजूला व्हायला जागा कुठं मिळेल, हे पाहिलंत की तट्टू घ्यायचं की मोठा घोडा याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

हे लिहितोय ते करवीर, पन्हाळा, कागल भागात थोडी शेती किंवा मोकळी जागा असलेल्या माणसासाठी. ज्याला सकाळी तासभर गाडी जोडून निघायचंय आणि घरच्यांना सोबत न्यायचंय. भाड्यानं गाडी फिरवायची किंवा शर्यतीत उतरवायची असेल तर तो हिशेब निराळा, आणि शर्यतीच्या बाजूनं मी बोलणारही नाही.

हाकण्यातली मजा

पाठीवर बसणाऱ्याकडे मांड असते, टाच असते, अंगाचा तोल असतो. गाडी हाकणाऱ्याकडे फक्त लगाम, आवाज आणि चाबूक. चाबूकही मारायचा नसतो, बाजूला नुसता टेकवून दिशा दाखवायची असते. एवढ्याशा भांडवलावर दोन-तीन मीटर पुढं चालणाऱ्या जनावराशी बोलायचं असतं. त्याचे कान सतत समोर दिसतात. एक कान मागं वळला की ते तुमचं ऐकतंय, दोन्ही पुढं ताठ झाले की तुमच्याआधी त्याला काहीतरी दिसलंय. हळूहळू हातातल्या चामड्यातून त्याचं तोंड जाणवायला लागतं आणि बोटं मिटली तरी चाल बदलते. हा आनंद तट्टातही मिळतो आणि घोड्यातही.

शिवाय गाडीत शेजारी माणूस बसतो. गुडघे दुखणारी आई, शाळेत जाणारा नातू, ज्यांना खोगिरावर कधीच बसता येणार नाही तेही या सुखाचे वाटेकरी होतात. मला तर घोडेस्वारीपेक्षा घोडागाडी मोठी वाटते ती याचमुळे.

कोल्हापूरला हे नवीन सांगायला नको. १८९४ ते १९२२ या काळात गादीवर असलेल्या शाहू महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, इथल्या जुन्या घरांतून अजून आठवला जातो. मोटार परवडत असूनही घोडे स्वतः हाकण्यात रमणारा राजा या गावानं पाहिलाय.

तट्टू कुणाला म्हणायचं

जगभर साधारण १४८ सेंटिमीटर ही रेघ मानतात. म्हणजे मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्यापाशी सुमारे चार फूट दहा इंच. त्याच्या आतलं ते तट्टू, वरचा घोडा. आपल्याकडचे मारवाडी आणि काठेवाडी बहुधा या रेघेच्या आसपास किंवा वर असतात. दोघांचेही कान आत वळलेले, त्यामुळे गाडीवरून फार देखणे दिसतात. तट्टांत आपल्या मुलखाचं म्हणावं ते भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातलं, मराठी फौजांनी वापरलेलं, आणि आजही मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहणारं. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

घेताना एक लक्षात ठेवा. पाठीवर ओझं वाहिलेलं तट्टू गाडीला तयार असतंच असं नाही. दोन्ही बाजूंना दांड्या आणि मागं खडखडणारं चाक ही त्याला पूर्ण नवी गोष्ट असते.

पाणंद, डांबर आणि उसाचा हंगाम

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या पाणंदी अरुंद, दोन्ही बाजूंनी ऊस, वळणापलीकडचं काही दिसत नाही. अशा ठिकाणी तट्टाची छोटी गाडी जागच्या जागी वळते. मोठ्या घोड्याच्या गाडीला दांड्या लांब लागतात, वळायला मोकळं लागतं. उसाच्या बांधाला अडकून मागं सरकायची वेळ आली तर नवख्याच्या हातून साज तुटेल नाहीतर जनावर अडेल.

गळिताचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येतात आणि बाहेर लोंबणारा ऊस फांद्यांना घासत जातो. बुजायला जनावराला आणखी काय हवं? बुजणं तट्टातही असतं, घोड्यातही. फरक पडतो तो नंतरच्या दहा सेकंदांत. अडीचशे किलोचं तट्टू खाली उतरून, तोंडाशी जाऊन, बोलून थांबवणं घरातल्या बहुतेकांना जमेल. साडेचारशे किलोचा घोडा गाडीसकट उधळला तर ते अनुभवी माणसाचं काम आहे. त्या महिन्यांत मी तरी उजाडताना निघून ट्रॉल्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत परत येणं पसंत करतो.

मात्र तुमच्या दारातून लांब, मोकळा, मुरमाचा रस्ता असेल तर मी वेगळं बोलेन. घोडा चालतो तासाला साधारण सहा किलोमीटर, दुडक्या चालीनं बारा ते पंधरा. मोठ्या घोड्याचं पाऊल लांब, त्यामुळे तीच दुडकी चाल त्याला कमी पावलांत पडते. लय संथ आणि खोल लागते, गाडी तरंगल्यासारखी जाते. तट्टाची पावलं भराभर पडतात, मजा असते, पण आठ-दहा किलोमीटरनंतर हाकणाऱ्याच्या पाठीला ती जाणवते. लांब पल्ल्याचं सुख घोड्यातच आहे, हे मान्य करायला हवं. तरीही पन्हाळ्याचं स्वप्न पाहणाऱ्यांनी थांबून विचार करावा. अंतर वीसेक किलोमीटर, चढ चारशे मीटरच्या आसपास, आणि घाटात पर्यटकांच्या मोटारी. खालच्या गावांपर्यंत जावं, गडावर जनावराला ओढायला लावू नये.

डांबरावर दोघांनाही कदमानंच, म्हणजे साध्या संथ चालीनंच चालवा. लोखंडी नाल घसरते आणि दुडक्या चालीचा दणका सांध्यांना बसतो.

चंदी, चारा, ठाण

घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. साडेचारशे किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो, अडीचशे किलोच्या तट्टाला चार ते पाच. म्हणजे एका मोठ्या घोड्याच्या वैरणीत जवळजवळ दोन तट्टं बसतात. हा हिशेब नुसत्या पैशांचा नाही. घोडा कळपाचं जनावर आहे. एकटं ठाणावर बांधलं की ते दाव्याला चावतं, जागच्या जागी डुलत राहतं, खोडी लावून घेतं. तेवढ्याच चाऱ्यात दोघांची सोबत होत असेल तर मला तिथंच तट्टांचं पारडं जड वाटतं. पुढं हात बसला की जोडीची गाडीही हाकता येते.

पण तट्टाचा एक धोका घोड्यापेक्षा मोठा आहे. ते थोडक्यात पुष्ट होतं आणि आपण लाडानं आणखी घालतो. लुसलुशीत हिरवा चारा आणि जास्त चंदी, म्हणजे दाणा, झाली की खुराच्या आतला भाग सुजतो, ते पुढच्या पायांवरचं वजन मागं घेऊन अवघडून उभं राहतं. हा आजार एकदा झाला की पाठ सोडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात सगळीकडे हिरवंच हिरवं असतं, त्यामुळे तट्टाचा तोबरा हात आखडून भरावा. रोज तासभर कदमानं फिरणाऱ्या तट्टाला चांगलं वाळलेलं गवत आणि मीठ बहुधा पुरतं. मोठ्या, जास्त काम करणाऱ्या घोड्याला मात्र चंदी लागते.

म्हशीला घालतो म्हणून उसाचं वाडं घोड्याचं मुख्य खाणं करू नये. आणि घोड्याला उलटी होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कुणी प्रेमानं बुरशी धरलेला कडबा किंवा परातभर शिळं अन्न घातलं की पोटशूळ उठतो आणि जीवावर बेततं.

पावसाळ्यात ठाण कोरडं ठेवणं ही दोघांसाठीही सगळ्यात मोठी कसोटी. चिखलात उभं राहिलं की खूर कुजतो. पाऊस ओसरताना चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामुळे सर्रा हा तापाचा आजार पसरतो, ताप चढला-उतरला तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं. पंचगंगेच्या काठच्या गावांत, चिखली-आंबेवाडीच्या बाजूला राहत असाल तर पूर आल्यावर जनावर कुठं हलवायचं ते आधी ठरवा. धनुर्वाताची लस आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, यात उंचीनं काही फरक पडत नाही, चार पाय दोघांनाही आहेत. घोड्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आणि नालबंद यांची गाठ मात्र जनावर घेण्याआधी घालून ठेवा.

गाडी जनावराच्या मापाची

नवखे इथं फार फसतात. स्वस्तात जुना टांगा मिळतो आणि त्याला तट्टू जुंपलं जातं. मोठ्या घोड्यासाठी केलेल्या दांड्या तट्टाच्या अंगावर पुढून खाली झुकतात, गाडीचं वजन पाठीवर येतं. उलट बुटक्या गाडीला घोडा जुंपला की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा तंग आवळतो. दोन चाकांच्या गाडीत माणसं बसल्यावर दांड्या जवळजवळ सरळ राहिल्या पाहिजेत, दांडीचं टोक दोन बोटांनी उचलता आलं पाहिजे. चार चाकांच्या बग्गीत पाठीवर वजन येत नाही, वयस्कर माणसांना चढायलाही सोपं जातं. पण ती जड असते, ब्रेक लागतो, आणि मागं घेताना पुढची चाकं तिरकी होऊन अडकतात. सुरुवात दोन चाकांवर करावी असं माझं मत आहे. उतारावर गाडी अंगावर येऊ नये म्हणून मागच्या मांड्यांवरून जाणारा पट्टा नीट हवा, आपल्याकडे तो बऱ्याचदा नुसता शोभेला लोंबत असतो.

काटेरी लगाम बाजारात सर्रास मिळतो. तो घेऊ नका. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत काट्यांचा लगाम आणि काट्यांचा साज यांना मनाई आहे. त्याच नियमांनुसार हवेचे टायर असलेल्या दोन चाकांच्या गाडीत घोड्याला ७५० आणि तट्टाला ६०० किलोपर्यंत ओझं चालतं, हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं बसवता येतात, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. ओझ्याचे आणि माणसांचे हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा आहे, रोजचं माप नव्हे. हौसेच्या गाडीत तट्टामागं दोन मोठी माणसं आणि एक मूल, एवढ्यावर मी थांबेन. चार-पाच जण घेऊनच फिरायचं असेल तर घोडा घ्या, तट्टाला ते ओढायला लावू नका.

तर कुणी काय घ्यावं

घरात मुलं आहेत, पाणंद अरुंद आहे, हाकणारा नवा आहे, तर दोन तट्टं घ्या आणि आधी एकालाच जुंपायला शिका. मुलांना खरारा करायला, खूर उचलायला, साज चढवायला तट्टाच्या उंचीवर हात पोचतो. माझ्या मते गाडी हाकण्याइतकंच सुख त्या अर्ध्या तासात आहे, आणि मोठ्या घोड्याजवळ मुलांना ते एकट्यानं देता येत नाही.

तट्टू म्हणजे कमीपणा असं वाटणाऱ्यांनी ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांच्याकडे पाहावं. १९७१ मध्ये पोलो सोडल्यावर ते घोडागाडीच्या स्पर्धांकडे वळले, मोठ्या घोड्यांची चौकडी हाकली, आणि नंतर उत्तर इंग्लंडमधल्या फेल तट्टांवर स्थिरावले. नव्वदी ओलांडल्यावरही ते तट्टं हाकत होते. २०२१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी विंडसरच्या आवारात त्यांची गाडी जोडून उभी होती, तीही दोन तट्टांचीच.

घोडा घ्यावा तो ज्याला आधीपासून जनावराची सवय आहे, ज्याच्याकडे मोकळा रस्ता आणि रोज दीड-दोन तास आहेत, किंवा घोड्याची निगा राखणारा घरचा विश्वासू मोतद्दार आहे. आठवड्यातून एकदा जुंपून भागेल असं समजू नये. सहा दिवस ठाणावर चंदी खाऊन सातव्या दिवशी निघालेला घोडा अंगात आलेली सगळी ताकद तुमच्या हातांवर काढतो. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्यानं खुशाल मारवाडी किंवा काठेवाडी घ्यावा. पहाटेच्या थंडीत मोकळ्या रस्त्यावर लांब दुडकीला लागलेला घोडा जे देतो ते तट्टू देऊ शकत नाही.

खरेदीला अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जाल तर नाचणाऱ्या घोड्यांपुढची गर्दी टाळा. तो नाच गाडीच्या उपयोगाचा नाही. आठ ते बारा वर्षांचं, गाडीला मुरलेलं जनावर मागा. दात बघायला जाणकार सोबत न्या. मालकाला तुमच्यासमोर साज चढवायला लावा, दांड्यांत घ्यायला लावा, रस्त्यावर नेऊन ट्रॅक्टरशेजारी पाच मिनिटं उभं करायला लावा. मग लगाम स्वतःच्या हातात घ्या आणि परतीच्या वाटेवर कदमानं चालवून बघा. घराकडे तोंड असतानाही जे जनावर तुमच्या शब्दावर थांबतं, त्याच्या किमतीचं बोलणं सुरू करा.