रणगाड्यासारखी गाडी की नुसता दंडुका: अमेरिका आणि ब्रिटनचे पोलिस

अमेरिकेत १०३३ नावाचा प्रोग्राम आहे, १९९० च्या दशकातला, म्हणजे लष्कराला नको असलेलं सामान पोलिसांना जवळपास फुकट, फक्त वाहतूक आणि मेंटेनन्सचा खर्च द्यायचा. रायफली, सुरुंग सहन करणाऱ्या चिलखती गाड्या, सगळं. गंमत म्हणजे घेतलेलं सामान वर्षभरात वापरात आणायचं नाहीतर परत द्यायचं, मग काय, घरात आलेला मिक्सर कोण नुसता ठेवतं! लॉस एंजेलिसला तर शाळांच्या पोलिसांकडे ग्रेनेड लाँचर होते हो, २०१४ मध्ये फर्ग्युसनवरून (तिथे पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण गेला, आणि निदर्शकांसमोर पोलिस चिलखती गाड्या घेऊन उतरले) बोंबाबोंब झाल्यावर परत केले. ओबामांनी २०१५ ला काही वस्तूंवर बंदी आणली, ट्रम्पनी २०१७ ला उठवली. आणि एखाद्या पोलिसावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर 'क्वालिफाइड इम्युनिटी' आडवी येते, म्हणजे स्पष्टपणे प्रस्थापित हक्क मोडला नसेल तर सरकारी माणसाला मिळणारं कायदेशीर संरक्षण.

ब्रिटनमध्ये (उत्तर आयर्लंड सोडून) बहुतेक पोलिसांकडे पिस्तूलच नसतं, बंदूकवाले वेगळे ट्रेन केलेले. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांच्या गोळीने कोणी गेलं की केस स्वतंत्र संस्थेकडे जाते. मला हेच बरं वाटतं. पण लगेच आरती ओवाळू नका, २००५ मध्ये लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनात ज्यां शार्ल द मेनेझिस या निरपराध माणसाला अतिरेकी समजून ट्रेनमध्येच डोक्यात गोळ्या घातल्या, आणि एकाही पोलिसावर खटला नाही. २००७ ला दोषी ठरलं ते पोलिस खातं, तेही हेल्थ अँड सेफ्टी कायद्याखाली, १,७५,००० पौंड दंड.